मिरी नव्हे, वेलची नव्हे

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या दमट जंगलांत, सिएरा लिओन आणि लायबेरियापासून घाना ओलांडून नायजेरियापर्यंत, आल्याच्या कुळातील एक वनस्पती रानोमाळ वाढते. तिची बी दाताखाली फोडली की आधी वेलचीचा भास होतो, आणि तो विरतो न विरतो तोच काळ्या मिरीसारखा झणका जिभेवर पसरत जातो. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव ‘आफ्रामोमम मेलेगेटा’ असे आहे. मध्ययुगीन युरोपने तिच्या बियांना ‘स्वर्गाचे दाणे’ म्हटले, पोर्तुगीज खलाशांनी ‘मालागेता’ म्हटले, आणि नायजेरियात इंग्रजी बोलणारे लोक तिला व तिच्या काही भावंडांना मिळून ‘ॲलिगेटर पेपर’, म्हणजे मगरीची मिरी, असे म्हणतात. एवढी नावे मिळालेल्या या वनस्पतीचा मिरीशी वनस्पतिशास्त्रीय संबंध काहीही नाही. वेलचीशी मात्र आहे, पण ती वेलचीही नव्हे.

आल्याचे कूळ, ज्याला मराठी ग्रंथांत आर्द्रक कुल असेही म्हटलेले आढळते, ते मराठी घराला परके नाही. आले, हळद, आंबेहळद, हिरवी वेलची, बिर्याणीत पडणारी काळी मसाला वेलची आणि परसातला सोनटक्का ही सगळी याच कुळातली मंडळी होत. पन्नासहून अधिक प्रजाती आणि सुमारे १,६०० जाती असलेल्या या कुळाचे मुख्य माहेर उष्णकटिबंधीय आशिया असले, तरी त्याची एक मोठी शाखा आफ्रिकेत रुजली, आणि साठच्या आसपास जाती असलेली आफ्रामोमम ही प्रजाती म्हणजे त्या शाखेचा सर्वांत समृद्ध भाग. इथिओपियात मसाल्यात आणि कॉफीत पडणारी ‘कोरारिमा’ ही याच प्रजातीतली, आणि कॅमेरूनमधील बासा लोक ज्या बिया काळ्या होईपर्यंत भाजून ‘म्बोंगो चोबी’ नावाचे काळे कालवण करतात, त्या म्बोंगोच्या बियाही याच प्रजातीतल्या. मेलेगेटा ही या सर्वांत जगभर फिरून आलेली जात आहे.

या कुळातील इतर वनस्पतींप्रमाणे हिचेही खरे खोड जमिनीखाली आडवे पसरते. त्याला मूलक्षोड म्हणतात, आणि भाजीवाल्याकडे आले म्हणून जे मिळते तेही एक मूलक्षोडच असते. जमिनीवर जो दांडा उभा दिसतो तो खोड नसून, पानांच्या तळाशी असलेली आवरणे एकमेकांभोवती घट्ट गुंडाळली जाऊन तयार झालेली नळी असते. दीड मीटरच्या आसपास उंच जाणाऱ्या या आभासी खोडावर बांबूच्या पानांसारखी लांब, निमुळती पाने दोन ओळींत लागतात. फूल मात्र या दांड्यावर येत नाही. ते दांड्याच्या बुंध्याशी, थेट जमिनीतून उगवल्यासारखे, पाचोळ्यातून डोके वर काढते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला ते दुसऱ्याच एखाद्या झाडाचे वाटावे. फिकट गुलाबी-जांभळ्या कर्ण्यासारख्या या फुलाचा जो रुंद, देखणा भाग डोळ्यांत भरतो तो पाकळी नव्हे. परागकण तयार करण्याचे काम सोडून दिलेले पुंकेसर एकत्र जुळून आणि पसरून तो बनलेला असतो, आणि त्याला ओष्ठ असे म्हणतात. परागकण देणारा पुंकेसर सबंध फुलात एकच उरतो. सोनटक्क्याच्या फुलातही हीच रचना असते, आणि त्याच्या ज्या पांढऱ्या शुभ्र पसाऱ्याला सर्वजण पाकळ्या समजतात, त्याचा बराचसा भाग म्हणजे असे रूप पालटलेले पुंकेसरच असतात.

फळही अर्थातच जमिनीलगत धरते. पाच ते सात सेंटिमीटर लांबीचे, बुडाशी फुगीर आणि टोकाशी निमुळते असे हे फळ पिकल्यावर लालभडक होते, आणि फोडले असता आत पांढऱ्या, आंबटसर, रसदार गरात बियांची दाटी दिसते. हा गर माणसे खातात आणि जनावरेही खातात. व्यापारासाठी फळे उन्हात वाळवली जातात, तेव्हा त्यांचा लाल रंग जाऊन तपकिरी, सुरकुतलेले, चामड्यासारखे बोंड उरते. वरची साल सोलली की पातळ पापुद्र्याखाली बियांचे उंचवटे ओळीने उठून दिसतात. मगरीच्या पाठीवरील खवल्यांशी असलेल्या या साम्यावरूनच तिला मगरीची मिरी म्हणू लागले, असे सांगतात. बी स्वतः वेलचीच्या दाण्याहून थोडी मोठी, तांबूस तपकिरी आणि खरबरीत असते, आणि एका बोंडात अनेक बिया एकमेकींना रेटत वाढल्यामुळे तिला कोन आलेले असतात. खलबत्त्यात कुटली की तिच्या आतला पांढरा भाग उघडा पडतो आणि तपकिरी सालीत मिसळून राखी रंगाची पूड होते.

या बीचा तिखटपणा कुठून येतो हे पाहू गेल्यास तिच्या आप्तसंबंधांचा आणखी एक पुरावा हाती लागतो. ताज्या आल्याचा झणका जिंजेरॉल नावाच्या द्रव्यामुळे असतो. आले वाळवून सुंठ होताना त्यातील काही जिंजेरॉलमधून पाण्याचा अंश निघून जाऊन शोगाओल नावाचे अधिक तिखट द्रव्य बनते, आणि सुंठ आल्याहून उग्र का लागते याचे कारण हेच. मेलेगेटाच्या बीमध्ये ही दोन्ही द्रव्ये असतात, पण तिचे मुख्य तिखट द्रव्य वेगळे आहे आणि ते ‘स्वर्गाचे दाणे’ या तिच्या जुन्या नावावरूनच ‘पॅराडॉल’ म्हणून ओळखले जाते. पॅराडॉल, जिंजेरॉल आणि मिरचीतील कॅप्सेसिन या तिघांच्या रेणूंचे एक टोक सारखेच असते, काळ्या मिरीतील पायपरिन मात्र त्यांच्याहून निराळ्या घडणीचे असते. म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने मेलेगेटा ही मिरीपेक्षा मिरचीला अधिक जवळची आहे. ही सर्व द्रव्ये आपापल्या परीने मज्जातंतूंच्या टोकाशी असलेल्या एकाच ग्राहकाला चेतवतात, आणि हा ग्राहक मुळात चटका देणारी उष्णता ओळखण्यासाठी असल्यामुळे मेंदूला जीभ भाजल्याचा निरोप मिळतो. याच ग्राहकाचा शोध लावल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. तिखटाला मराठीत ‘जाळ’ म्हणतात, तो नुसता अलंकार नव्हे.

माणसाने या वनस्पतीची गोडी ओळखण्यापूर्वीच जंगलातील प्राण्यांनी ती ओळखली होती. मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागातील सखल जंगलांत राहणारे गोरिला आफ्रामोममच्या निरनिराळ्या जातींची फळे खातातच, शिवाय दांडा सोलून आतला रसदार गाभाही खातात, आणि रात्रीच्या मुक्कामासाठी जमिनीवर जे बिछाने रचतात त्यांतही हेच दांडे वाकवून घालतात. मोठे वृक्ष कोसळून जिथे उजेडाला वाट मिळते तिथे या वनस्पती दाटीने माजतात. फळे खाणारे गोरिला आणि हत्ती त्यांच्या बिया विष्ठेवाटे दूरवर टाकतात. जो तिखटपणा जिभेला आग लावतो तो बीमध्ये असतो, गरात नव्हे. गरासाठी फळ खाणाऱ्याने बी न चावता गिळावी आणि दूर नेऊन टाकावी, हा सौदा वनस्पतीच्या सोयीचाच आहे. प्राणिसंग्रहालयांतील गोरिलांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण मोठे असल्यामुळे, त्यांच्या आहारातून हे रानआले नाहीसे झाल्याचा त्याच्याशी काही संबंध असावा काय, असा प्रश्न काही संशोधकांनी मांडला आहे. तो अद्याप सिद्ध झालेला नाही. परंतु ज्या आहारात पिढ्यान्पिढ्या एक औषधी वनस्पती होती, तो पिंजऱ्यात आल्यावर बदलला, तर त्याची चौकशी व्हावी हे योग्यच आहे.

व्यापाराचा इतिहास मात्र पुष्कळच नोंदलेला आहे. युरोपीय जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचण्याच्या कितीतरी आधी या बिया सहारा वाळवंट ओलांडून उंटांच्या काफिल्यांतून भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदरांत येत, आणि तेथून इटालियन व्यापारी त्या उचलत. १२१४ साली इटलीतील त्रेविझो येथे एक लुटुपुटूची लढाई खेळली गेली, तीत स्त्रियांनी राखलेल्या खोट्या किल्ल्यावर तरुणांनी फुले, फळे आणि सुगंधी मसाले यांचा मारा केला, आणि त्या मसाल्यांत मेलेगेटाचेही नाव आढळते. १४व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील एका गृहस्थाने आपल्या तरुण पत्नीसाठी लिहिलेल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात, जे ‘ल मेनाझिए द पारी’ या नावाने प्रसिद्ध आहे, मसालेदार मद्याच्या कृतीत हे दाणे घालायला सांगितले आहे. ‘स्वर्ग’ हे नाव कसे आले याचा खुलासा १६व्या शतकातील पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश याने केला आहे, आणि तो फार मार्मिक आहे: हा मसाला कोठे पिकतो हे इटालियनांना ठाऊक नव्हते आणि तो मौल्यवान तर होता, म्हणून त्यांनी त्याचे गाव स्वर्गात ठरवून टाकले. व्यापाऱ्यांनाही या अज्ञानात तोटा नव्हता. स्वर्गातून आलेल्या मालाचा भाव पाडून मागायला गिऱ्हाईक सहसा धजत नाही.

१४६०च्या दशकाच्या आरंभी पोर्तुगीज जहाजे आजच्या लायबेरियाच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली आणि स्वर्गाचा पत्ता सापडला. या किनाऱ्याला त्यांनी मालागेताचा किनारा म्हटले, आणि पुढे इंग्रजी नकाशांवर तोच ‘ग्रेन कोस्ट’ म्हणून उमटला. शेजारच्या हस्तिदंताच्या, सोन्याच्या आणि गुलामांच्या किनाऱ्यांप्रमाणेच हा दाण्यांचा किनारा होता. इंग्रजी शब्दामुळे तिथे धान्य पिकत असावे असा समज सहज होतो, परंतु ज्या दाण्यावरून त्या किनाऱ्याला नाव मिळाले तो दाणा हा होता. १४६९ साली पोर्तुगालच्या राजाने फेर्नांव गोमिश या लिस्बनच्या व्यापाऱ्याला गिनीच्या व्यापाराचा मक्ता दिला, तेव्हा मालागेताचा व्यापार आधी राजाने स्वतःकडे राखून ठेवला होता आणि गोमिशला तो नंतर वेगळा पैसा मोजून मिळवावा लागला, यावरून या बीची त्या काळची किंमत कळते. इंग्रजही मागे राहिले नाहीत. १५५४ साली निघालेला जॉन लॉक पुढच्या वर्षी परतला तेव्हा सोने आणि सुमारे अडीचशे हस्तिदंत यांबरोबर त्याच्या जहाजांत या दाण्यांची ३६ मोठी पिंपे होती.

तरीही तोपर्यंत तिचे दिवस फिरू लागले होते. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि मलबारची काळी मिरी समुद्रमार्गाने थेट लिस्बनला येऊ लागली. मेलेगेटाची युरोपातील मागणी मिरीच्या चढ्या भावाच्या आडोशाने वाढलेली होती. तो आडोसा गेल्यावर, आणि पाठोपाठ अमेरिकेतून मिरची आल्यावर, तिच्याकडे मुद्दाम वळण्याचे कारण उरले नाही. पण मिरचीने तिचे केवळ गिऱ्हाईक नेले नाही, नावही नेले. नवा तिखट पदार्थ दिसताच पोर्तुगिजांनी त्याला आपल्या ओळखीच्या तिखट पदार्थाचे नाव दिले, आणि आज ब्राझीलमध्ये ‘मालागेता’ म्हटले की छोटी, लाल, जहाल मिरचीच समोर येते. मराठीत यापेक्षा वेगळे काही घडले नाही: पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या वाटेने आलेल्या या परदेशी फळाला जुन्या मिरीच्या नावावरून ‘मिरची’ म्हटले गेले. फरक इतकाच की मराठीत मिरीने आपले नाव जवळ राखून मिरचीला त्यातला वाटा दिला, तर ब्राझीलमधील मूळ मालागेताला आपले नाव पुरते सोडून ‘पिमेंता दा कोस्ता’, म्हणजे किनाऱ्यावरची मिरी, असे नवे नाव घ्यावे लागले.

ती ब्राझीलमध्ये आली कशी, याचे उत्तर सुखद नाही. गुलामांची वाहतूक करणारी जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर थांबून इतर शिधासामग्रीबरोबर मेलेगेटाही विकत घेत, कारण तळघरात कोंबलेल्या माणसांना होणाऱ्या हगवणीवर ती गुणकारी असल्याचा समज होता. अशा रीतीने अटलांटिकच्या पलीकडे गेलेली ही वनस्पती सुरीनाममध्ये रुजली, आणि तेथील आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या ‘विंती’ या धर्मातील विधींत ती आजही लागते. ब्राझीलच्या कांदोम्ब्ले पंथात तर तिचे योरुबा भाषेतील ‘अतारे’ हे नावही टिकून आहे.

युरोपीय वनस्पतिशास्त्रात तिचे पहिले नीट वर्णन करणारा माणूस योगायोगाने याच व्यापाराच्या एका मोठ्या बंदरातला होता. विल्यम रॉस्को हा लिव्हरपूलचा वकील, बँकर आणि इतिहासकार. आपल्या शहराची भरभराट गुलामांच्या व्यापारावर उभी असताना त्याने १८०७ साली ब्रिटिश संसदेत त्या व्यापाराच्या बंदीच्या बाजूने मत दिले आणि त्यानंतर त्याला पुन्हा तिथून निवडून येता आले नाही. उतारवयात त्याने आल्याच्या आणि त्याच्या आसपासच्या कुळांवर एक भव्य सचित्र ग्रंथ १८२४ ते १८२८ या काळात प्रसिद्ध केला आणि त्यात या वनस्पतीला वेलचीच्या गोतातील ‘अमोमम’ या प्रजातीत बसवले. १९०४ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल शूमान याने आफ्रिकेतील जाती वेगळ्या काढून ‘आफ्रिकेचे अमोमम’ या अर्थाची नवी प्रजाती केली, आणि मेलेगेटा तिथे स्थिरावली.

दरम्यान युरोपच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडलेली ही बी दारूभट्टीत शिरली होती. बिअर पातळ करायची आणि जिभेला चटका देणारे काहीतरी घालून ती कडक असल्याचा आभास निर्माण करायचा, हा इंग्लंडमधील लबाड भट्टीवाल्यांचा जुना धंदा होता, आणि १८१६ च्या कायद्याने बिअर बनवणाऱ्यांना जे पदार्थ वापरण्याची मनाई करण्यात आली त्यांत स्वर्गाचे दाणेही होते. चार वर्षांनी फ्रेडरिक अक्युम या रसायनशास्त्रज्ञाने अन्नातील भेसळीवर लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकातही भेसळीचा पदार्थ म्हणून त्यांची हजेरी लागली. आज मात्र तेच दाणे दर्जाची खूण म्हणून मिरवले जातात. ‘बॉम्बे सफायर’ या जिनमध्ये जे दहा वनस्पतिजन्य घटक असल्याचे तिचे उत्पादक सांगतात त्यांत हे एक आहे, आणि मुंबईचे नाव लावलेल्या बाटलीत पश्चिम आफ्रिकेचा मसाला असावा, ही नावांच्या या सगळ्या गोंधळाला शोभेलशीच गोष्ट आहे.

परंतु या वनस्पतीचा इतिहास केवळ तिच्या खरेदीदारांच्या वह्यांतून वाचला तर ती उदयास आली, चमकली आणि मावळली, असे वाटू लागते, आणि तिच्या मायदेशी तसे काहीही घडलेले नाही. युरोपात तिचा भाव वधारला तेव्हा आणि पडला तेव्हाही ती पश्चिम आफ्रिकेच्या रश्श्यांत, औषधांत आणि मानपानात होती तशीच राहिली. बाजारात आजही ती बोंडासकट विकली जाते, कारण बोंडात बियांचा वास टिकतो आणि विधीसाठी बोंड अखंडच लागते. काही फळे रानातून गोळा होतात, तर काही झाडांच्या सावलीत केलेल्या लागवडीतून येतात; निर्यातीत घानाचे नाव पुढे असते.

नायजेरियाच्या आग्नेय भागातील इग्बो समाजात पाहुणा आला की त्याच्यापुढे कोला नावाच्या झाडाची बी ठेवतात. मराठी घरात पानसुपारीच्या तबकाचे जे स्थान होते तेच येथे कोलाचे आहे, फक्त त्याचे नियम अधिक काटेकोर आहेत: कोला कोणी आणावा, कोणी त्यावर प्रार्थना म्हणावी, कोणी तो फोडावा, हे वयाने आणि मानाने ठरते. कडवट, तुरट कोलाबरोबर तोंडात टाकायला मेलेगेटाचे चारदोन दाणे दिले जातात, म्हणून इग्बो भाषेत तिचे नावच ‘ओसे ओजी’, म्हणजे कोलाची मिरी, असे आहे. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात, उसने पैसे परत मागायला आलेल्या शेजाऱ्यापुढे यजमान ज्या तबकडीत कोला ठेवतो तीत ही मिरी आणि पांढऱ्या खडूचा खडा असतो. पैशांची गोष्ट त्यानंतर, पुष्कळ इकडचेतिकडचे बोलून झाल्यावरच निघते.

नायजेरियाच्या नैर्ऋत्येला आणि शेजारच्या बेनिनमध्ये राहणाऱ्या योरुबा लोकांत नवजात बालकाचे नाव आठव्या दिवशी ठेवण्याची रीत आहे. त्या दिवशी मध, मीठ, पाणी, कोला अशा पदार्थांबरोबर अतारेही मांडलेली असते, आणि जमलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी एकेक पदार्थ उचलून, त्याचा अर्थ मोठ्याने सांगून, आशीर्वाद देत तो बाळाच्या ओठांना नावापुरता लावतो आणि मग इतरांकडे पुढे करतो. मधाच्या वेळी आयुष्याच्या गोडव्याचा उच्चार होतो, पाण्याला कोणी वैरी नसतो तसे या मुलालाही नसो असे म्हटले जाते, आणि अतारेची पाळी येते तेव्हा बोंड सोलून, आत खच्चून भरलेले दाणे सर्वांना दाखवून, या एका बोंडात जितके दाणे तितकी याची लेकरे-नातवंडे होवोत, अशी प्रार्थना केली जाते.